बँड नको म्हणणारी माणसं

५ जानेवारी

रोजनिशी पुन्हा सुरू करतेय. घरात बोलायला माणूस नाही असं नाही, पण आईला एखादा विषय नको असला की ती कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवते. ते ठेवलं की समजायचं, संभाषण संपलं.

खात्याचा हुकूम एकदाचा आला. बंद पडलेल्या सुधारगृहाचं संग्रहालय करायचं आणि ते मी करायचं. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यापासून मी घरातली कपाटं आवरतेय, आता आवरायला कपाट उरलेलं नाही. खात्यातला तरुण अधिकारी म्हणाला, "मॅडम, तुमचे वडील तिथले अधीक्षक. तुमचं लहानपण त्याच आवारात गेलं. तुमच्याइतकी ती जागा कोणाला माहीत असणार?" खरंच आहे ते.

आईला सांगितलं. म्हणाली, "कशाला उगाच." आणि यंत्र काढलं.

धाकट्या भावाला फोन केला. हा अठराव्या वर्षी जहाजावर नोकरीला गेला आणि तेव्हापासून घरी पाहुण्यासारखा येतो. म्हणाला, "ती जागा पाडून टाकायला हवी होती, ताई." एकेकाच्या उत्साहाला काय म्हणावं.

९ जानेवारी

आवारात जाऊन आले. गवत कमरेइतकं वाढलंय. कमानीवरची 'शिस्त, श्रम, सुधारणा' ही अक्षरं जागेवर आहेत, फक्त 'श्रम'मधला 'श्र' पडलाय. कंत्राटदार म्हणाला, राहू दे तसंच, जुनं वाटतं. हा माणूस प्रत्येक गोष्टीला "होऊन जाईल" म्हणतो. छप्पर गळतंय. होऊन जाईल. कधी? होऊन जाईल.

अधिकाऱ्याला कमानीखाली फोटो काढायची जागा हवीय. नुसती जागा नाही, खोटे गज लावून, त्यातून तोंड बाहेर काढून. मी म्हटलं, "अहो, मुलांना गजाआड ठेवू नये म्हणून तर ही संस्था निघाली."

"हो मॅडम. पण लोकांना गज आवडतात."

एक काम मात्र मार्गी लागलं. पाहुण्यांसाठी संडास कुठे करायचे हा प्रश्न होता. धुलाईघरामागची कोळशाची खोली रिकामीच पडलीय. कंत्राटदार आत जाऊन आला तो खुशीत. "बाई, आत मोरी आहे. फरशीला उतारही दिलाय. काम निम्मं झालं." मग जरा डोकं खाजवून म्हणाला, "पण कोळशाच्या खोलीला मोरी कशाला केली असेल? आणि भिंतींना काळं कुठेच नाही."

चुना मारला असेल, म्हटलं. खिडकी विटांनी बुजवलीय, तेही त्याला खटकलं. कोळशाला उजेड कशाला लागतो? ह्याला काम सांगितलं की शंका सुचतात, आणि शंका विचारली की "होऊन जाईल".

१५ जानेवारी

तक्त्यांचा मजकूर लिहायला बसले. पहिला तक्ता झकास झाला. पूर्वी चोरीत सापडलेल्या मुलालाही मोठ्यांच्याच तुरुंगात टाकत. एका न्यायाधीशाने तुरुंगाची पाहणी करताना बघितलं की खुनातल्या कैद्याच्या शेजारी, त्याच साखळीत, दात पडायच्या वयाचा पोरगा बसलाय. त्याने सरकारचं डोकं खाऊन गावाबाहेर ही पडीक जमीन मिळवली. शेती, सुतारकाम, शिवणकाम, दुपारी अक्षरओळख. पोरं सुधारतील, असं मनापासून वाटणारी माणसं होती ती.

पुढचे तक्ते लिहिताना एक गंमत लक्षात आली. प्रत्येक नवा अधीक्षक येई तो आधीच्याला क्रूर ठरवून. एकाने बेड्या काढल्या आणि मुलांना दगडाच्या खाणीवर पाठवायला सुरुवात केली, कारण श्रमाने मन शुद्ध होतं. दुसऱ्याने खाण बंद केली आणि जेवताना बोलायची बंदी आणली. तिसऱ्याने बोलायची मुभा दिली आणि छडी आणली. प्रत्येकाने एक काढलं, एक ठेवलं. मग माझे अण्णा आले. त्यांनी छडी बंद केली आणि बँड सुरू केला. त्यांच्यापाशी ही साखळी तुटते. अण्णांचा तक्ता सगळ्यात मोठा करणार आहे.

संध्याकाळचा तो बँड मला लख्ख आठवतो. क्लॅरिनेट, दोन कर्णे, एक ढोल. रोज नसायचा. मी व्हरांड्यात येऊन बसायचे आणि अण्णा पाठीमागे हात बांधून येरझारा घालायचे. धाकटा कधी बाहेर यायचा नाही. त्याला संगीताचं अंग नाही ते नाहीच.

२३ जानेवारी

वर्तमानपत्रात निवेदन दिलं होतं: 'माजी विद्यार्थ्यांनी आठवणी सांगाव्यात.' वाटलं होतं रांग लागेल. आले दोघे.

एक शिंपी आहे, बाजारात दुकान आहे त्याचं. दुसरा एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर. शिंप्याची रीत बघून बरं वाटलं. मी खोलीत आले तसा उभा राहिला, बसा म्हणेपर्यंत बसला नाही, हात मांडीवर, नजर जमिनीवर. इतक्या वर्षांनीही अण्णांची शिस्त दिसते. ड्रायव्हरचं उलट. दाराशीच खुर्ची ओढून बसला आणि दार लावू देईना. बाहेर बोचरा वारा. मी दोनदा लावलं, त्याने दोनदा उघडलं. तिसऱ्यांदा मी शाल घेतली.

शिंपी म्हणाला, "ताई, ते विद्यार्थी तेवढं बदला. आम्ही विद्यार्थी नव्हतो."

"मग काय लिहू?"

"पोरं लिहा."

चांगल्या आठवणी सांगा म्हटलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. शेवटी शिंपी म्हणाला, "शिवण शिकलो. त्यावर घर चाललं. ते खरं आहे."

"आणि बँड?"

"होता."

"कधी वाजायचा? मला नेमका वार आठवत नाही."

"वार नव्हता. कोणी खोलीत असला की."

कुठल्या खोलीत, विचारलं. त्यावर ड्रायव्हर उठून बाहेर जाऊन उभा राहिला. मुलाखत संपली. लोकांना एक वाक्य पुरं करता येत नाही. शाळेत असते तर कोपऱ्यात उभं केलं असतं.

२४ जानेवारी

संगीताच्या खोलीत, म्हणायचं असणार त्याला.

१ फेब्रुवारी

उद्घाटनाला बँड बोलवायचा ठरवला. जुन्या वळणाचा, त्याच वाद्यांचा. एवढ्या चांगल्या कल्पनेला घरातून आणि दारातून एकाच वेळी विरोध होईल असं वाटलं नव्हतं.

आई म्हणाली, "बँड नको."

का? "डोकं दुखतं माझं." अगं, यंत्र काढून ठेव, नाहीतरी ठेवतेसच. त्यावर ती ताटातलं तसंच टाकून उठली.

शिंपी म्हणाला, "ताई, बँड नसता तर बरं."

ड्रायव्हर म्हणाला, "बँड असेल तर मी येणार नाही." बरं, नका येऊ. तसंही तुम्ही दार उघडं ठेवता.

धाकट्याला फोनवर सहज सांगितलं, तर तो म्हणाला, "तुला माहितेय, बँड सुरू झाला की मी पलंगाखाली जाऊन बसायचो."

"का?"

"तू व्हरांड्यात असायचीस. माझी खिडकी धुलाईघराच्या बाजूला होती."

मग त्याच्या जहाजावर कसलीशी घंटा वाजली आणि फोन बंद. पन्नाशी उलटली तरी ह्याची नाटकं संपत नाहीत. अधिकारी तेवढा बँडच्या बाजूने आहे, पण त्याला सिनेमातली गाणी हवीत.

८ फेब्रुवारी

फरशा आल्या, भांडी आली, नळ आले. सगळं धुलाईघरापाशी रचून ठेवलंय. कंत्राटदार उद्या आतली मोरी फोडून मोठी करणार. पहिल्यांदाच 'होऊन जाईल' न म्हणता 'उद्या' म्हणाला.

९ फेब्रुवारी

कंत्राटदाराचा सकाळीच फोन. "बाई, तुमचा ड्रायव्हर दारात बसलाय. उठत नाही."

गेले. हा गृहस्थ कोळशाच्या खोलीच्या उंबऱ्यावर पाय पसरून बसलेला, शेजारी शिंपी उभा. गवंडी घमेली पालथी टाकून त्यावर बसून मजा बघतायत. माझं डोकं इतकं फिरलं होतं की मी नमस्कारही केला नाही.

"हा काय प्रकार आहे?"

"इथे संडास नको, बाई," ड्रायव्हर म्हणाला. "बाकी कुठेही करा. मी स्वतः खड्डा खणून देतो."

"कोळशाच्या खोलीचा एवढा पुळका का तुम्हाला?"

"कोळशाची नाही ही. कोळसा स्वयंपाकघरामागे असायचा. ही शांत खोली. साहेबांनीच नाव ठेवलं होतं."

मी म्हटलं, आज वाक्य पुरं केल्याशिवाय कोणी जायचं नाही. तेव्हा त्याने केलं. आवाज चढवला नाही. म्हणाला, साहेबांनी छडी बंद केली हे खरं. छडीऐवजी ही खोली. पळून गेलेला, उलट बोललेला, अंथरूण ओलं करणारा, सगळे इथे. दिवा नाही, खिडकी नाही. दार उघडलं की बादलीभर पाण्याने पोरगाही धुवायचा आणि फरशीही. "छडी बरी होती, बाई. छडी संपायची."

"आणि बँड?"

"आतला आवाज तुमच्या बंगल्यापर्यंत जायचा. बाईसाहेबांना, तुमच्या आईंना, सहन व्हायचा नाही."

ड्रायव्हर पुढे म्हणाला, मी आणि माझा धाकटा भाऊ इथे एकत्रच आलो होतो. पाव चोरला होता. तो दहाचा. दमा होता त्याला. संध्याकाळी आत घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, दुसऱ्या संस्थेत पाठवलाय. कुठल्या, ते कोणी सांगितलं नाही.

मग शिंपी बोलला, जमिनीकडे बघत. "त्या संध्याकाळी क्लॅरिनेट मी वाजवत होतो, ताई. ह्याला ठाऊक आहे. मला साहेबांनी दोन वेळा सांगितलं, जोरात."

मी म्हटलं, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय. अण्णांनी कधी आमच्या अंगालाही हात लावला नाही. म्हटलं, इतक्या वर्षांनी लहानपणच्या गोष्टी मोठ्या वाटतात. बरंच काही म्हटलं. दोघांनी ऐकून घेतलं. माझं बोलणं संपल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "तुम्ही म्हणता तसं असेल. पण इथे संडास नको."

काम थांबवलं. घरी येऊन दोन तास भांडी घासली, घासलेलीच.

१० फेब्रुवारी

संताप जात नाही. कोणावर आहे तेही कळत नाही, म्हणून सगळ्यांवर आहे. वर्तमानपत्रवाल्या पोऱ्यालाही उशिरा आल्याबद्दल बोलले. तो वेळेवर आला होता.

धाकट्याला फोन केला. म्हटलं, सरळ सांग. तो म्हणाला, "मी काय सांगू? मी ऐकलंय, बघितलं नाही. आईला विचार. मी अठरा वर्षांचा होईपर्यंत दरवर्षी विचारत होतो. मग सोडलं."

११ फेब्रुवारी

दुपारी आईसमोर बसले. तिने सवयीने कानाकडे हात नेला. मी तो हात धरला. असं मी कधी केलं नव्हतं.

म्हटलं, "दमेकरी पोराचं काय झालं?"

तिने विचारलं नाही की कुठला पोरगा.

म्हणाली, "सकाळी पहारेकरी धावत आला. तुझे अण्णा कपडेही न बदलता गेले. त्याला उचलून गाडीत घातला आणि स्वतः घेऊन गेले. दुपारी एकटेच आले."

"दवाखान्यात ठेवला?"

"दवाखाना येण्याआधीच गेला होता तो. नगरपालिकेच्या बेवारस प्रेतांच्या जागेत पुरला. मला म्हणाले, पोरांना कळलं तर बिथरतील. दुसरीकडे पाठवलाय म्हणून सांगायचं."

"आणि तू?"

"मी काय. तो आवाज सहन होत नाही असं मीच म्हटलं होतं त्यांना. मला वाटलं, ते कोंडणं बंद करतील. त्यांनी बँड आणला." मग म्हणाली, "त्या दिवशी संध्याकाळी बँड वाजला नाही. तू व्हरांड्यात बसून रडलीस, बँड का नाही म्हणून."

मला नाही आठवत. खरोखर नाही आठवत. ती म्हणते म्हणजे रडले असेन.

मी म्हटलं, आता त्या माणसाला सांगायला हवं. आई म्हणाली, "मी सांगते. तू सांगशील तर भाषण करशील."

१३ फेब्रुवारी

ड्रायव्हर घरी आला. पुढचं दार उघडंच ठेवलं होतं मी. चहा दिला. आई केस नीट विंचरून, स्वच्छ साडी नेसून खुर्चीत ताठ बसली होती. माझ्यापाशी बोलली त्याहूनही कमी शब्दांत बोलली. शेवटी म्हणाली, "मी म्हटलं असतं तर तुम्हाला सांगितलं असतं त्यांनी. मी म्हटलं नाही. तुम्हाला सांगू शकले असते, तेही केलं नाही."

तो चहा प्यायला, अगदी तळापर्यंत. कप बशीत नीट ठेवला.

"एसटीत का लागलो माहितेय, मावशी? बदल्या होतात. वेगवेगळे रस्ते मिळतात. प्रत्येक स्टॉपवर बघायचो. त्याचं कपाळ आमच्या बापासारखं होतं, म्हातारा झाला तरी ओळखला असता. एकदा एका माणसासाठी गाडी थांबवून मागे गेलो होतो. पॅसेंजरांनी शिव्या घातल्या. निवृत्त झालो तरी सवय जात नाही. अजून बघतो."

आई रडली नाही. मीही नाही. मग तोच म्हणाला, "म्हणजे दहाचाच राहिला तो." आणि मग, "जागा दाखवाल?"

आईने जागेची खूण सांगितली. एकदा गेली होती म्हणे ती, अण्णा कामावर असताना. हे आजपर्यंत मला माहीत नव्हतं. माझ्या आईबद्दल मला काय माहीत आहे, हाच प्रश्न आहे.

१९ फेब्रुवारी

अधिकाऱ्याशी भांडण. संडास दुसरीकडे हलवले, ह्याला आक्षेप नाही. खोलीला हात लावायचा नाही, दार काढून ठेवायचं, खिडकीच्या विटा काढायच्या, ह्यालाही नाही. आक्षेप अण्णांच्या तक्त्याला. मी तो पुन्हा लिहिला. कितव्यांदा लिहिला ते सांगत नाही. आधी 'कठोर परंतु' असं सुरू केलं होतं, मग 'काळाच्या मर्यादा' घातल्या, मग दोन्ही खोडलं. मुलांच्या परीक्षेचे पेपर तपासताना मी असल्या वाक्यांना शून्य द्यायचे. शेवटी जे झालं ते तेवढंच लिहिलं. छडी काढली. खोली ठेवली. खोलीत एक मुलगा मेला. त्याचं नाव, जे ड्रायव्हरने सांगितलं. खाली लिहिलं, 'हे अधीक्षक माझे वडील होते,' आणि सही केली.

"मॅडम, मोठे पाहुणे येणार. हे फार नकारात्मक वाटतं."

"मग पाहुण्यांना बोलवू नका."

"आणि वडिलांबद्दल असं लिहिणं तुम्हाला स्वतःला..."

"मला काय वाटतं त्यासाठी वेगळा तक्ता नाहीये."

तो म्हणाला, वर विचारतो. विचार बाबा. कंत्राटदार शेजारी उभा होता, तो हळूच म्हणाला, होऊन जाईल.

अण्णा मला गणित शिकवायचे. चुकलं तरी ओरडायचे नाहीत. हे कुठे लिहू?

२१ फेब्रुवारी

आज ड्रायव्हरबरोबर जाऊन आले. शिंप्याने दुकान बंद ठेवलं, पण तो आला नाही. म्हणाला, पुढच्या वेळी. मी रागावणार होते, मग नाही रागावले.

जागा म्हणजे एक मैदान. कुंपण मोडलेलं, एका बाजूला टायरवाल्याचं शेड. आईच्या खुणेतलं झाड तोडलेलं होतं, बुंधा होता. तिथला राखणदार म्हणाला, नक्की कुठे ते कोणी सांगू शकणार नाही. ड्रायव्हर म्हणाला, एवढं पुरे. बुंध्यापाशी बसला. मी टायरच्या शेडकडे तोंड करून उभी राहिले, म्हणजे त्याला एकटं वाटेल. कुठेतरी हवा भरायचं यंत्र धडधडत होतं आणि त्या माणसाला ते बंद कर म्हणून सांगायला जावं की न जावं, ह्यातच माझा सगळा वेळ गेला.

परतीची बस रिकामी होती. ड्रायव्हर खिडकीशी बसला. पहिल्या स्टॉपवर मान वळवून त्याने खाली उभ्या माणसांकडे बघितलं. दुसऱ्यावरही बघितलं. तिसरा स्टॉप आला तेव्हा डोळे मिटलेले होते. मला वाटलं रडतोय. झोपला होता. तोंड किंचित उघडं, मान माझ्या बाजूला कललेली, चांगला घोरत.

त्याचा स्टॉप आला. मी उठवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. मग माझाही आला. आई वाट बघत असणार, अधिकाऱ्याचा फोन दोनदा वाजून गेला होता, आणि उशीर ही एक गोष्ट मला आयुष्यात सहन झालेली नाही. कंडक्टर आला. त्याला खुणेने गप्प केलं आणि शेवटच्या स्टॉपची दोन तिकिटं मागितली.